लागतला!

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की मराठी घरात केरसुणीला अचानक मोठा मान चढतो. कोळिष्टके निघतात, डबे उन्हात पडतात, कपाटांच्या मागच्या बाजू वर्षातून एकदा जगाचा उजेड पाहतात. पण वाचकहो, खरे सांगा, प्रत्येक घरात अशी एक जागा असते की नाही, जिच्या दाराशी येऊन ही सारी मोहीम थबकते? आत डोकावायचे, एक उसासा टाकायचा आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून दार ओढून घ्यायचे. घाटावर माझ्या माहेरी ती जागा माळ्यावर होती. मुंबईच्या बिऱ्हाडांत ती न्हाणीघराच्या डोक्यावर असते. आमच्या मालवणकडच्या घरात तिला मांगर म्हणतात.

मांगर म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांना सांगायला हवे. मलाही ते लग्नानंतरच कळले. घरापासून चार पावलांवर, माडांच्या सावलीत, जांभ्या दगडाच्या तीन भिंती आणि वर कौले. चौथी बाजू बहुधा उघडी, नाहीतर झापांनी झाकलेली. त्यात लाकडे, नारळ, सोडणे, गवत, नांगर, जे जे घरात मावत नाही आणि पावसात ठेवता येत नाही, ते ते सारे. आमचा मांगर बावीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद. मी १९८६ साली या घरात सून म्हणून आले तेव्हा त्यात एक म्हैसही होती. म्हैस गेली, आणि तिच्या जागी माझ्या सासऱ्यांचा कारखाना आला.

सासऱ्यांना सारी वाडी तात्या म्हणे. १९५८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते मध्य रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये सुतार म्हणून लागले. आज हे ऐकून माझा मुलगा विचारतो की, रेल्वेच्या डब्यांत सुताराचे काय काम? त्याला आगगाडीचा डबा म्हणजे पोलादाचा, हेच माहीत. पोलादी डबे बांधणारा पेरांबूरचा कारखाना १९५५ साली सुरू झाला. तात्या नोकरीला लागले तेव्हा लाकडी सांगाड्यांचे जुने डबे अजून रुळांवर धावत होते आणि दुरुस्तीला माटुंग्याला येत होते. सागाच्या फळ्या, खिडक्यांच्या झडपा, बाके, दारे. तात्यांचे पहिले दीड तप त्या लाकडावर गेले. पुढे लाकूड कमी होत गेले, पत्रा आणि प्लायवुड आले. पण हात एकदा रंध्याला बसला की तो दुसऱ्या कशाला पुरता बसत नाही. रविवारी सुट्टी मिळाली की तात्या भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारात जात आणि हत्यारे विकत घेत. सिनेमा नाही, तंबाखू नाही. त्यांचे व्यसन एवढेच. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, ते गावी येत. त्यांच्या सामानातल्या मुंबईच्या मिठाईपेक्षा लोखंडच जड असे. एस.टी.च्या टपावर दोरीने बांधलेले ते गाठोडे उतरवताना हमाल एकच प्रश्न विचारी : ‘‘तात्यानू, ह्यात काय इंजिन आसा?’’

१९९६ साली ते निवृत्त होऊन कायमचे घरी आले आणि मांगराचा खरा संसार तेव्हा सुरू झाला. करवती सात, रंधे अकरा, पटाश्या तीसाच्या वर. वाकस, किंकरे, गिरमिटे, कानशी, गुण्ये, पकडी. खिळ्यांचे, स्क्रूंचे, बिजागऱ्यांचे डबे. डबे म्हणजे डालड्याचे पिवळे, टाल्कम पावडरचे, बेबी फूडचे. भंगारात घेतलेला रुळाचा हातभर तुकडा, त्यावर वाकडे खिळे ठोकून सरळ करायचे. फणसाच्या फळ्या, सायकलीची दोन चाके, एक शिलाई यंत्राचे पायटे, रेडिओचे रिकामे खोके, तुटलेल्या होडीचे एक वल्हे. वाडीतल्या लोकांनी एकामागून एक कौलारू छपरे काढून स्लॅब घातले, तेव्हा त्यांनी फेकून दिलेली मंगळुरी कौलेही तात्यांनी हातगाडीवरून घरी आणून मांगराच्या मागच्या भिंतीला रचली.

‘‘तात्या, ही कौले कशाला?’’ मी विचारी.

‘‘असू दे गो. लागतला कधीतरी.’’

लागतला! मालवणीतले हे एक क्रियापद ज्याने नीट ऐकले, त्याला कोकणी माणसाचा निम्मा स्वभाव कळला असे मी समजते. ‘लागेल’ आणि ‘लागतला’ यांत फरक आहे. ‘लागेल’ म्हणताना थोडी शंका असते. ‘लागतला’ हे अगदी ठरल्यासारखे असते. जिथे सामान मुंबईहून यायचे, पावसाचे चार महिने रस्ते अडायचे, आणि एका खिळ्यासाठी दोन कोस चालून बाजार गाठावा लागायचा, तिथे कोणतीही वस्तू टाकणे म्हणजे उद्याच्या गरजेशी वैर करणे. पैसा हाताशी नसला की माणूस वस्तूंचे बचत खाते उघडतो. तात्यांचे खाते बावीस फूट लांब होते, इतकेच.

आणि एक गोष्ट मी प्रांजळपणे सांगते. तात्या असेपर्यंत तो मांगर अडगळ नव्हता. बाहेरच्याला तो ढिगारा दिसे. पण रात्री वीज गेलेली असताना कोणी ‘पाऊण इंची स्क्रू हवा’ म्हणून आला, तर तात्या कंदील न घेता आत जात आणि मुठीत स्क्रू घेऊन येत. ढिगाऱ्याला नकाशा होता आणि तो तात्यांच्या डोक्यात होता. २०१९ साली, ८१ व्या वर्षी, तात्या गेले. त्या दिवशी मांगरातली एकही वस्तू हलली नाही. पण नकाशा गेला आणि एका रात्रीत त्या साऱ्या साठ्याची अडगळ झाली. साठा आणि अडगळ यांच्यातला फरक वस्तूंत नसतो. ती वस्तू कुठे आहे हे जिवंत माणसाला माहीत असणे, हा तो फरक.

याची परीक्षा फार लवकर झाली. १६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गुजरातेकडे गेले, ते जाताना आमच्या वाडीचे कपडे काढून गेले. समुद्राचा तो आवाज मी पस्तीस वर्षांत ऐकला नव्हता. दारचा फणस आडवा झाला, माड मोडले, स्वयंपाकघरावरची कौले पत्त्यांसारखी उडाली. वीज गेली ती आमच्याकडे आठ दिवस आली नाही. त्यात टाळेबंदी, बाजार बंद, मुंबईचा रस्ता बंद. माझ्या यजमानांनी घेतलेले विजेचे ड्रिल टेबलावर निपचित पडून होते.

तेव्हा तात्यांची कौले बाहेर आली. आमच्या छपराला पुरून शेजारच्या दोन घरांनाही पुरली. दोघांनी ओढायची ती मोठी करवत आली आणि तिने फणस कापून वाट मोकळी केली. हाताने फिरवायच्या गिरमिटाने भोके पाडून वासे बसवले. ज्याने पूर्वी तात्यांना ‘इंजिन आसा काय’ म्हणून चिडवले होते त्याच्याच घरावर तात्यांची कौले चढली, आणि तो म्हातारा डोळे पुसत म्हणाला, ‘‘लागला रे बाबा.’’

इथे गोष्ट संपली असती तर ती बोधकथा झाली असती. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. रिपा ठोकायला खिळे हवे होते. खिळे मांगरात आहेत हे सर्वांना ठाऊक होते. कुठे आहेत हे कोणालाच नव्हते. अर्धा दिवस आम्ही तिघे विजेरी घेऊन डबे उपसत होतो आणि वरून पाऊस थेट चुलीवर पडत होता. शेवटी शेजाऱ्याने जुन्या वाशांतले खिळे उपटून दिले. दोन गोणी भरून खिळे आम्हाला मिळाले, ते पुढच्या महिन्यात. शिलाई यंत्राच्या पायट्यामागे. तेही गंजून एकमेकांना चिकटलेले, मुळ्यांच्या गड्डीसारखे.

तेव्हापासून घरात दोन पक्ष पडले, आणि मौज अशी की, दोघांकडे पुरावा तोच. सासूबाई म्हणत, ‘‘बघलास? ठेवला म्हणान गावला.’’ मुलगा म्हणे, ‘‘ठेवलं, पण वेळेला सापडलं नाही, ते ठेवलंच नाही.’’ मुलगा पुण्याजवळ चाकणला मोटारींच्या कारखान्यात आहे. त्याने मोटार घेतली आणि सुट्टीला घरी येऊन ती अंगणात उभी केली. समुद्रावरून येणारा वारा पत्र्याला काय करतो हे दोन पावसाळ्यांत दिसले. दाराच्या कडांना तांबूस फोड आले. त्याला मोटारीसाठी छप्पर हवे होते, आणि छप्पर असलेली एकच जागा रिकामी करता येण्यासारखी होती.

‘‘गाडयेक घर होया,’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘आणि ह्येंच्या हत्यारांक काय?’’

तो प्रश्न हत्यारांचा नव्हता. चौऱ्याऐंशीकडे झुकलेल्या बाईच्या लग्नाची अडतीस वर्षे मुंबईच्या पत्रांवर आणि मनीऑर्डरींवर गेली होती. नवरा घरी मिळाला तो शेवटची तेवीस वर्षे, आणि त्या तेवीस वर्षांतला निम्मा वेळ तो मांगरात होता. दुपारचा चहा घेऊन जायची तिची जागा म्हणजे मांगराची उंबऱ्याची चिरा. मांगर मोकळा करायचा म्हणजे काय, हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होते. तिने ‘नको’ म्हटले असते तर मी त्या मोटारीला खुशाल गंजू दिले असते.

पण गेल्या वर्षी दसऱ्याला हत्यारांची पूजा करायला गेलो, तर तात्यांच्या आवडत्या वाकसाच्या दांड्याला वाळवी लागलेली. हात लावताच दांडा भुसा होऊन गळला. सासूबाई बराच वेळ त्या बिनदांड्याच्या पात्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘काढा सगळा भायर.’’

चार दिवस आम्ही खपलो. मुलाने पहिल्या दिवशी आम्हा सर्वांना पाच जपानी शब्द शिकवले : सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. जपानी कारखान्यांतून जगभर गेलेली ही पद्धत. आधी नको ते निवडून बाजूला काढा. मग हवे त्याला जागा द्या. मग झाडून पुसून घ्या. मग तिन्ही गोष्टी ठरावीक रीतीने चालू ठेवा. आणि शेवटी ती रीत अंगवळणी पाडा. सासूबाईंनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘आणि ह्या शिकूक तू पुण्याक गेललंस?’’

तरीही पद्धत उपयोगाची ठरली. अंगणात खळ्यावर तीन चादरी पसरल्या : वापरायचे, द्यायचे, टाकायचे. सासूबाई चिऱ्यावर बसून न्यायनिवाडा करीत. माझे यजमान, जे पोस्टात जन्मभर पत्रांची वर्गवारी करीत आले, ते स्क्रूंच्या वर्गवारीला बसले आणि दोन दिवस उठले नाहीत. टाकायच्या चादरीवर काय आले म्हणता? झाकण नसलेले डबे, डबे नसलेली झाकणे, एका काडीचा चष्मा, वाळलेल्या रंगाची अकरा भांडी, मेलेल्या विजेऱ्या. भंगारवाल्याने लोखंड तोलले ते १४० किलो भरले. पाहता पाहता मांगराची मागची भिंत दिसली. मी सासरी आल्यापासून ती प्रथमच पाहत होते.

किनाऱ्यावर हत्यारे सांभाळणे ही एक वेगळीच विद्या आहे, तीही या निमित्ताने शिकले. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; पण लोखंडाचा खरा वैरी पाऊस नव्हे, वाऱ्यातले मीठ. मिठाचा अदृश्य थर पात्यावर बसतो, आणि हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की तो हवेतूनच पाणी ओढून ओला होतो. पावसाळ्यात आमची हवा बहुतेक त्याच्या वरच असते. म्हणजे हत्यार छपराखाली असूनही चार महिने खाऱ्या पाण्यात बुडालेले. म्हणून आधी मीठ धुवायचे. आम्ही प्रत्येक पाते गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, रॉकेलात भिजवलेल्या चिंधीने गंज घासला आणि वर खोबरेल तेलाचा हात फिरवला. खोबरेल सुकून चिकट पापुद्रा धरत नाही; म्हणून तात्या तेच वापरीत. थंडीच्या सकाळी पारा २४ अंशांच्या खाली गेला की ते पात्यावर पांढरे गोठते. मुलाला वाटले बुरशी आली! लाकूड मात्र जमिनीवर ठेवायचे नाही. वाळवी जमिनीतून येते; म्हणून चिऱ्यांवर आडवे वासे टाकून फळ्या हातभर उंच रचल्या. भिंतीला एक मोठी फळी लावली आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगाने काढली. करवत जागेवर नसली की तिची नुसती आकृती भिंतीवर राहते आणि ‘मला कोण घेऊन गेले?’ असे विचारते. जो नकाशा तात्यांच्या डोक्यात होता तो आता भिंतीवर आहे. आमच्यापैकी कोणाचेही डोके तेवढे मोठे नाही, म्हणून भिंत घेतली.

तिसऱ्या दिवशी रंधे पुसताना एक गंमत कळली. सारे रंधे लाकडी, जुने, पात्यांवर शेफील्डचे नाव. कपाळावरची धूळ निघाली तसे अक्षरांचे ठसे दिसू लागले. सुतार आपल्या हत्यारावर नाव ठोकून ठेवतो. एका रंध्यावर तीन ठसे होते : सर्वांत वर कोणा अनोळखी माणसाची इंग्रजी आद्याक्षरे, त्याखाली दुसऱ्याची, आणि सर्वांत खाली तात्यांची. वरचे दोघे कोण? कोणत्या गोदीत, कोणत्या वर्कशॉपात त्यांनी घाम गाळला? त्यांच्याही घरी कोणी सून असेल, जिने दिवाळीआधी मांगर साफ केला आणि तो रंधा चोरबाजारात गेला. तिने तो टाकला नसता तर तात्यांना मिळाला नसता. इतकी वर्षे आम्ही ज्याला ‘तात्यांची हत्यारे’ म्हणत होतो, ती तात्यांकडे काही काळ वस्तीला आलेली होती.

मी तो रंधा सासूबाईंच्या हातात दिला. त्यांना अक्षरे वाचता येत नाहीत. त्यांनी तीनही ठशांवरून बोट फिरवले. ‘‘ह्यातला ह्येंचा कुठला?’’ मी बोट खालच्या ठशावर ठेवले. त्यांनी रंधा उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, ‘‘खाली जागा आसा अजून.’’

पलीकडच्या वाडीत एक तरुण सुतार आहे. आताचे बहुतेक कारागीर यंत्रावर प्लायवुड कापतात. हा पोरगा होड्यांची डागडुजी करतो, आणि होडीच्या वळणावर यंत्र चालत नाही, तिथे वाकस आणि रंधाच लागतो. सासूबाईंनी त्याला बोलावणे धाडले. तीन रंधे, सहा पटाश्या, एक करवत आणि ते बिनदांड्याचे वाकस त्याच्यापुढे ठेवले. तो संकोचून पैसे काढू लागला. ‘‘पैसे नको. ह्येंच्या नावाखाली तुझा नाव घाल,’’ त्या म्हणाल्या, आणि गंजू दिलेस तर परत मागून घेईन, अशी तंबीही दिली. पोरगा वाकून पाया पडला. तो गेल्यावर सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला खरा. पण जेवण नेहमीपेक्षा दोन घास जास्त गेले, हेही मी पाहिले.

या गोष्टीला आता एक पूर्ण पावसाळा उलटला आहे. भिंतीवरची हत्यारे महिन्यातून एकदा तेलाचा हात मागतात. तो माझे यजमान देतात. वाडीतली मुले खिळे मागायला येतात आणि डब्यावरची चिठ्ठी वाचून स्वतः घेऊन जातात. त्या सुताराने वाकसाला बाभळीचा नवा दांडा घातला आहे, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी एक होडी त्या वाकसाने दुरुस्त होऊन पाण्यात उतरली. मोटार मांगरात राहते. मात्र ती पुरती आत मावत नाही. कौलांच्या राशीला सासूबाईंनी हात लावू दिला नाही. त्यामुळे मोटारीचा मागचा हातभर भाग झापाखाली बाहेर राहतो. मुलाने एकदा तक्रार करून पाहिली. सासूबाईंनी राशीकडे पाहिले, मग आभाळाकडे पाहिले, आणि एकच शब्द उच्चारला. तो कोणता, हे आता वाचकांना सांगायला नको.